रेंजवर सरळ जाणारा सात नंबर कोर्सवर का रुसतो?

येरवडा_१९

नमस्कार मंडळी. गोल्फ उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप १९ (चांगल्या दिवशी कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण इतके जास्त). आठवड्यातून दोन संध्याकाळी रेंज (सरावाचं मैदान), रविवारी १८ होल. रेंजवर सात नंबर आयर्नचे (मधल्या अंतराच्या क्लबचे) दहापैकी सात-आठ बॉल १४५ यार्डांच्या पाटीच्या अवतीभवती पडतात. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) जरा उजवीकडे झुकतो, पण अंतर देतो. कोर्सवर त्याच सात नंबरचे तीनातले दोन शॉट बिघडतात. एक फॅट (क्लब बॉलआधी जमिनीला लागतो), एक ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या आखूड गवताच्या) डाव्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. स्कोअर ९४ ते १०१ या पट्ट्यातून हलायला तयार नाही.

सराव असा: मॅटवर ६० बॉल, पस्तीस-चाळीस मिनिटांत. वेजपासून (जवळच्या अंतराच्या क्लबपासून) सुरुवात, मग नऊ, सात, पाच, आणि शेवटचे वीस ड्रायव्हरचे. नंतर पटिंगच्या (बॉल कपात घरंगळवायच्या) ग्रीनवर तीन बॉल घेऊन दहा मिनिटं. गवतावरून मारायची सोय नाही.

कोर्सवर माझा स्विंग बदलतो, की रेंजवर तो दिसतो तितका चांगलाच नसतो? सरावात नेमकं काय बदलू? "रिलॅक्स राहा" आणि "डोकं खाली ठेवा" हे दोन सल्ले सोडून बोला. ते कॅडी दर होलला फुकट देतो.

पाढे_उलटे

रेंजवर फॉर्म दिसतो तितका नसतोच. एका क्लबने, एका पाटीकडे, ओळीने पंधरा बॉल मारताना प्रत्येक शॉटला आधीच्या शॉटची दुरुस्ती आयती मिळते. तिसरा डावीकडे गेला, चौथ्याला हात जरा आवरला, पाचवा सरळ. पुढचे दहा त्या दुरुस्तीवर निघतात. कोर्सवर सात नंबर राउंडमध्ये तीन-चारदाच हातात येतो, तोही दर वेळी निराळ्या अंतराला, आधीच्या शॉटनंतर पाच-दहा मिनिटं चालून. तिथे पाचवा बॉल कधी उगवतच नाही. प्रत्येक बॉल पहिला.

त्यामुळे आधी एक गोष्ट मोजा. पुढच्या चार वेळा रेंजवर गेलात की प्रत्येक क्लबचा फक्त पहिला बॉल वहीत लिहा: कुठे पडला, कसा लागला. बाकीचे मारा, पण लिहू नका. दहापैकी सात-आठ हा आकडा बहुधा चारच्या आसपास येईल. कोर्सवर तुम्ही घेऊन जाता तो हा आकडा.

सतराचा पाढा ओळीने म्हणायला सांगितला तर कोणीही घडाघडा म्हणतं. मधेच "सतरा सत्ते किती?" विचारलं की मनातल्या मनात सतरा एके सतरापासून सुरुवात होते. घोकंपट्टीत पुढचा आकडा मागच्यावरून येतो, आठवणीतून नाही. हे नुसतं रूपक नाही, यावर जुनं काम आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या ठरावीक हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एकेक हालचाल ओळीने घोकली, दुसऱ्याने उलटसुलट क्रमाने केली. सरावात पहिला गट सरस दिसला, नंतरच्या चाचणीत दुसरा. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर तोच निकाल मिळाला, आणि कोर्टाची बाजू बदलल्यावरही उलटसुलट शिकलेल्या मुलीच पुढे होत्या. म्हणजे रेंजवर बरं वाटणं हा शिकल्याचा पुरावा नाही. पुष्कळदा उलटंच असतं.

आपल्याकडे बरेच जण क्रिकेटवरून गोल्फकडे येतात आणि रेंजला नेट समजतात. नेटमध्ये पुढचा बॉल कसा पडणार ते बोलर ठरवतो, त्यामुळे तो सराव आपोआपच उलटसुलट होतो. रेंजवर बॉल निमूटपणे पडून असतो. बोलरचं काम आपल्यालाच करावं लागतं.

६० बॉलचं बकेट असं वाटा. पहिले १५ तंत्रासाठी. एकच गोष्ट, एकच क्लब, इथे घोकंपट्टी चालेल. पुढच्या ३० बॉलना प्रत्येक वेळी क्लब आणि लक्ष्य दोन्ही बदलायचं. सात नंबर झाला की हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा क्लब), मग पिचिंग वेज, मग पुन्हा सात, पण दुसऱ्या झेंड्याकडे. प्रत्येक बॉलनंतर मॅटवरून खाली उतरा, मागे जा, लक्ष्य निवडा, पुन्हा या. उरलेल्या १५ बॉलमध्ये तुमच्या रविवारच्या कोर्सचे पाच-सहा होल खेळा. दोन पाट्यांमध्ये ३० यार्डांचा फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) ठरवा आणि ड्रायव्हर मारा. आत पडला तर त्या होलला उरतं तितक्या अंतराचा क्लब. बाहेर पडला तर झाडाखालून काढतो तसा पाच नंबरचा बुटका पंच, मग वेज. स्कोअर लिहा.

यात ६० बॉलना सव्वा तास लागतो. वेळ नसेल तर बॉल तीसच घ्या, वेग वाढवू नका.

राहिला प्रत्येक शॉटआधीचा क्रम. गोल्फच्या नियम ५.६ नुसार, अडथळा नसताना शॉट ४० सेकंदांत घ्यावा अशी शिफारस आहे. मित्राला मोबाईलवर वेळ लावायला सांगा: बॉलमागे उभं राहून लक्ष्य ठरवल्यापासून बॉल लागेपर्यंत. रेंजवर ६ सेकंद आणि कोर्सवर ३० निघत असतील तर ते दोन निराळे शॉट आहेत. दोन्हीकडे २० ते २५ च्या दरम्यान आणा. त्यात बॉलवर उभं राहिल्यानंतरचा वेळ पाच-सहा सेकंदांच्या वर नको. फॅट शॉटची बरीच बियाणी तिथेच पेरली जातात.

डिव्हॉट_पुढे

वरचं सगळं मान्य, पण "एक फॅट" हा नुसता मनाचा मामला नाही. मॅट खोटं बोलते.

मॅटवर क्लब बॉलच्या दीड-दोन इंच मागे टेकला तरी तळ घसरत पुढे जातो आणि बॉलला बऱ्यापैकी भिडतो. आवाज छान येतो, बॉल उडतो, पाटीजवळ पडतो. गवतावर, त्यातून जुलै-ऑगस्टच्या ओल्या फेअरवेवर, तोच क्लब जमिनीत घुसतो आणि बॉल वीस-तीस यार्ड सहज तोकडा पडतो. तुमच्या दहातल्या सात-आठ चांगल्या शॉटपैकी दोन-तीन असे लपलेले फॅट असण्याची दाट शक्यता आहे.

शोधायचे कसे? हातरुमालाच्या रुंदीचा टॉवेल चार पदरी करून बॉलच्या मागे चार इंचांवर, लक्ष्याच्या रेषेला आडवा ठेवा. क्लब खाली येताना टॉवेलला लागला की शॉट फॅट, मग बॉल कुठेही पडो. चार इंचांवर दहापैकी नऊ स्वच्छ निघायला लागले की तीन इंचांवर आणा. दुसरा उपाय कॅरमच्या पावडरचा. मॅटवर बॉलच्या जागी आडवी बारीक रेघ ओढा, बॉल न ठेवता स्विंग करा, पावडर कुठून पुसली गेली ते बघा. रेघेच्या मागून पुसली असेल तर आवाज कितीही गोड असो, फॅट. (नंतर मॅट झटकून ठेवा, नाहीतर रेंजवाला तुमचं बकेट बंद करेल.) सरावाचा बंकर असेल तर वाळूत बोटाने रेघ ओढून हेच करा. आयर्नचा डिव्हॉट (क्लबने पडलेला खळगा) रेघेवर किंवा रेघेपुढे सुरू व्हायला हवा आणि त्याचा सर्वांत खोल भाग रेघेच्या तीन-चार इंच पुढे.

फॅट आणि डावीकडे, ही जोडी एकत्र आली की एकच कारण आधी तपासा: वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावर राहतं आणि मनगटं बॉलआधीच सुटतात. क्लबचा सर्वांत खालचा बिंदू मागे सरकतो, म्हणून फॅट. आणि वेळेत सावरलंच, तर सुटलेल्या मनगटांनी फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) बंद होतो, म्हणून डावीकडे. शॉट संपल्यावर उजवी टाच वर आणि उजव्या पायावर जवळजवळ शून्य वजन असलं पाहिजे. तोल सांभाळत तीन सेकंद तसं उभं राहता आलं नाही तर वजन गेलेलं नाही.

मॅटचा आणखी एक उपद्व्याप म्हणजे ती चौकोनी असते. तिच्या कडा तुम्हाला लक्ष्याकडे उभं करून देतात. कोर्सवर टी बॉक्स (होलचा पहिला शॉट मारायची जागा) कित्येकदा थेट झाडांकडे किंवा ओबीकडे (कोर्सच्या हद्दीबाहेर) तोंड करून असतो आणि पाय नकळत त्याच्याशी समांतर उभे राहतात. रेंजवर मॅटच्या कोपऱ्याकडून, तिरक्या लक्ष्याकडे मारा, कडांशी वीसेक अंशांचा कोन करून. बॉलमागे उभं राहून लक्ष्याच्या रेषेवर दोन-तीन फुटांवरची एखादी खूण निवडायची, आधी क्लबफेस त्या खुणेला लावायचा, मग पाय. हीच पद्धत कोर्सवर चालते. अलाइनमेंट स्टिक (दिशा लावायची काठी) चालत नाही: नियम १०.२ प्रमाणे लक्ष्याची किंवा पायांची रेषा दाखवायला क्लब किंवा काठी जमिनीवर ठेवून स्टान्स घेतला (शॉटसाठी पाय रोवले) तर दंड आहे, आणि शॉटआधी ती उचलली तरी तो सुटत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोक. कॅडीलाही तुमच्या मागे रेषेत उभं करून दिशा तपासून घेता येत नाही.

जुना_चार_नंबर

पाढे_उलटे यांचं म्हणणं सरसकट सगळ्यांना लावू नका. ज्याचा पाढाच पाठ नाही त्याला "सतरा सत्ते" विचारून काय मिळणार? ग्रिप बदलली असेल, स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा शॉट) काढायचा असेल, तर महिनाभर एकाच क्लबची घोकंपट्टी लागते. ग्वाडान्योली आणि ली यांनी २००४ मध्ये हेच मांडलं: सराव किती अवघड असावा हे शिकणाऱ्याच्या पातळीवर ठरतं. फार सोपा झाला तर शिकणं नाही, फार अवघड झाला तरी नाही.

१९ हँडिकॅपला माझा ठोकताळा असा. उलटसुलट क्रमाच्या ३० बॉलमध्ये स्वीकारण्याजोगे दहाच्या खाली आले तर क्लब तीनच ठेवा आणि लक्ष्य तेवढं बदला. बावीसच्या वर गेले तर अंतरं मधली घ्या. सात नंबर १४५ ऐवजी १३० ला मारा, आखूड ग्रिप आणि तीन-चतुर्थांश स्विंग. कोर्सवर अशीच अंतरं वाट्याला येतात.

आणि तंत्राचं काम मेडलच्या (स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेच्या) आधीचे दोन दिवस बंद. मास्टर्स नावाच्या संशोधकाने १९९२ मध्ये पटिंगवर प्रयोग केला होता. ज्यांना सूचनांची यादी देऊन शिकवलं ते दडपणाखाली अडले, ज्यांना सूचनांशिवाय शिकू दिलं ते फारसे अडले नाहीत. दडपण आलं की माणूस हातापायांना सूचना द्यायला लागतो. सूचना जितक्या जास्त, तितका गोंधळ.

येरवडा_१९

टॉवेल लावून बघितला. बारापैकी पाचला लागला, आणि त्यातले तीन बॉल पाटीजवळच पडले होते! मॅटची चोरी पकडली गेली.

डावीकडच्या बंकरबद्दल मात्र शंका आहे. आमच्या कोर्सवर ज्या दोन-तीन होलना हे होतं तिथे फेअरवे उजवीकडून डावीकडे उतरतो. संबंध आहे का? आणि रेंजवरचे १४५ हे कोर्सवरचे किती धरायचे?

उतारावरचा

संबंध आहे, आणि तो भूमितीचा आहे. फेअरवे तसा उतरतो म्हणजे बॉल तुमच्या पायांपेक्षा उंच असतो. अशा लायवर (बॉल पडलेल्या जागेवर) क्लबची टो (पुढचं टोक) वर उचलली जाते आणि लॉफ्टमुळे (फेसच्या तिरकेपणामुळे) फेसचं तोंड डावीकडे वळतं. किती, ते लॉफ्टवर अवलंबून. ४० अंशांचा लॉफ्ट आणि ५ अंशांचा उतार असेल तर फेस सुमारे ४ अंश डावीकडे बघतो. १२० यार्डांवर ते नऊएक यार्ड होतात. २४ अंशांच्या लांब आयर्नला त्याच उतारावर सुमारे २ अंशच. वेजला जास्त, हायब्रिडला कमी. आधुनिक सात नंबर ३० ते ३४ अंशांचा, तो मधे येतो: १४५ ला आठ यार्डांच्या जवळपास. झेंडा डाव्या बाजूला असेल तर बंकरमध्ये जायला तेवढं पुरतं, स्विंगमध्ये काहीही न बिघडता. उपाय म्हणजे ग्रिप इंचभर खाली, वजन पंजांवर, एक क्लब जास्त, आणि लक्ष्य ग्रीनच्या उजव्या कडेला. बॉल पायांपेक्षा खाली असला की सगळं उलट: उजवीकडे जातो, गुडघे जास्त वाकवून शेवटपर्यंत तसेच ठेवावे लागतात, नाहीतर टॉप होतो (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागतो).

चढावर खांदे चढाशी समांतर ठेवा. लॉफ्ट वाढतो, बॉल उंच आणि आखूड जातो, एक क्लब जास्त घ्या. उतारावर बॉल स्टान्समध्ये थोडा मागे, शॉट बुटका निघून जास्त धावतो. सगळ्यात अवघड लाय हीच. उतारावरून फेअरवे वुड घ्यायचा मोह आवरा. बावधनच्या ऑक्सफर्डसारख्या डोंगराळ कोर्सवर सपाट लाय शोधूनच काढावी लागते. रेंजवर उतार नसतो, पण थोडी सोय करता येते. डाव्या, मग उजव्या पायाखाली दोन इंचांची फळी ठेवून पाच-पाच बॉल, अर्ध्या वेगाने. पायांपेक्षा उंच बॉलसाठी उंच रबरी टीवरून नऊ नंबर मारा. बॉल न ठेवता, उतारावर दोन सराव-स्विंग करून गवत कुठे घासलं ते बघणं, हे कोर्सवर नियमात बसतं. दोन्ही वेळा घासलं तिथेच बॉल येईल असे उभे राहा.

आता १४५. पाटीचं अंतर तुमच्या मॅटपासून मोजलेलं असेलच असं नाही. बॉल घासलेले, टणक, कित्येक रेंजवर मुद्दाम कमी उडणारे. त्यामुळे रेंजवरचं अंतर विसरा. कोर्स रिकामा असेल तेव्हा किंवा लाँच मॉनिटरवर (शॉटचं अंतर मोजणाऱ्या यंत्रावर), तुम्ही खेळता त्याच ब्रँडच्या बॉलने, सात नंबरचे वीस शॉट मोजा आणि टप्पा पडेपर्यंतचं अंतर लिहा. सगळ्यात चांगले तीन आणि सगळ्यात वाईट तीन काढून टाका, उरलेल्या चौदांची सरासरी घ्या. १९ हँडिकॅपला ती "माझा सात नंबर" म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आकड्यापेक्षा सहसा दहाएक यार्ड कमी निघते. पावसाळ्यात बॉल टप्पा पडतो तिथेच रुततो, तेव्हा टप्प्याचंच अंतर खरं. पुण्याची ५६० मीटर उंची चेंबूरच्या तुलनेत दीडशे यार्डांना दोन-तीन यार्ड देते, तेवढ्यासाठी क्लब बदलू नका. ग्रीन उंचावर असेल तर दर तीन फुटांना एक यार्ड वाढवा. रेंजफाइंडर चालतो, पण उंची-उताराचा हिशेब करणारा मोड राउंडमध्ये वापरणं नियमबाह्य आहे, तो बंदच असू द्या.

तेच वीस शॉट कागदावर ठिपक्यांनी मांडा. लांबट पसारा दिसेल, बहुधा ३० यार्ड रुंद. झेंडा ग्रीनच्या कडेपासून पाच यार्डांवर असताना झेंड्यावर नेम धरला तर अर्धा पसारा ग्रीनच्या बाहेर पडतो. तो वाईट शॉट नसतो, वाईट नेम असतो. पसाऱ्याचा मध्य ग्रीनच्या मध्यावर ठेवा. अंतरही मध्याचं घ्या, कारण हौशी खेळाडूंचे बॉल बहुतेक वेळा तोकडे पडतात, लांब नाही. ड्रायव्हरचंही तसंच. पसारा साठ-सत्तर यार्डांचा आणि फेअरवे तीस-पस्तीसचा असेल तर "फेअरवेवर मारणं" हे लक्ष्यच होऊ शकत नाही. ओबी उजवीकडे असेल आणि तुमचा बॉल उजवीकडे झुकत असेल तर टी बॉक्सच्या उजव्या टोकाला टी लावा, नेम डाव्या रफच्या (फेअरवेबाहेरच्या उंच गवताच्या) कडेला. डावीकडून सुरू होऊन मधे येईल. आला नाही तर रफ, ओबी नाही.

कपाच्या_काठी

९४ ते १०१ मध्ये सात नंबर किती आणि ग्रीनजवळचे शॉट किती, हा हिशेब कुणीच मागितला नाही. साठ बॉल स्विंगला आणि दहा मिनिटं पटिंगला, तीही तीन बॉल घेऊन.

तीन बॉल एकाच होलकडे म्हणजे पुन्हा घोकंपट्टी. पहिला बॉल वेग आणि वळण सांगून जातो, पुढचे दोन त्याची नक्कल. कोर्सवर तो पहिलाच असतो आणि चुकला तर पुढचा तीन फुटांवरून मोजावा लागतो. एक बॉल घ्या, नऊ वेगवेगळे होल, दर वेळी बॉलमागून रेषा बघा आणि बॉल पडेपर्यंत संपवा. नऊ होलना १८ किंवा कमी पट झाले तर ठीक. ३०, ४०, ५० फुटांवरून तीन फुटांच्या वर्तुळात आणायचा सराव निराळा करा, एका होलला तीन पट (पटिंगचे फटके) लागणं त्यानेच कमी होतं. आठ फुटांवरून न पडल्याचं वाईट वाटून घेऊ नका, पीजीए टूरवरचे खेळाडूही त्या अंतरावरून जेमतेम निम्मे टाकतात. वीस फुटांवरून सातात एक.

सराव-ग्रीनचा वेग आणि कोर्सच्या ग्रीनचा वेग एकच असेल असं धरू नका. हिवाळ्यात सकाळी पहिल्या तीन-चार ग्रीनवर दव असतं, बॉल मागे पाण्याची रेघ सोडत जातो आणि तोकडा पडतो. ऊन चढलं की तोच पट चार फूट पुढे. बर्म्युडा गवताचा कल बघायला कपाच्या काठाकडे वाका. ज्या बाजूची कड पिंजलेली, तपकिरी दिसते, गवत त्या बाजूला झुकलेलं असतं. तुमच्याकडून बघताना ग्रीन चकाकत असेल तर गवत पुढे झुकलंय, पट वेगाने जाईल. गडद, मंद दिसत असेल तर जोर वाढवा.

चिपिंगला (ग्रीनबाहेरून मारायच्या छोट्या शॉटला) एक खेळ. ग्रीनभोवती नऊ ठिकाणी बॉल पाठमोरे होऊन फेका, पडला तिथूनच खेळा: रफ, कडक मुरूम, चढ, काहीही. प्रत्येक ठिकाणी चिप आणि पट मिळून पार दोन, एकूण पार १८. तुमच्या हँडिकॅपला २३-२४ चांगला स्कोअर. इथेही मॅटची सवय नडते: मॅटवर सँड वेजचा बाउन्स (तळाचा फुगवटा) घसरतो, एप्रिल-मेच्या कडक जमिनीवर तो उसळी घेतो आणि क्लबची धार बॉलच्या पोटावर बसते. अशा जागी ५६ अंशांचा, बारा-चौदा अंश बाउन्सचा वेज बॅगेतच राहू द्या. नऊ नंबरने पटसारखा स्ट्रोक घ्या, बॉल जमिनीलगत पळू द्या.

डोक्यात काय ठेवायचं, यावर दोन कामाच्या गोष्टी. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पिच शॉट शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडे, दुसऱ्याला क्लबहेडच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं. क्लबहेडवाले जास्त अचूक ठरले. म्हणून "कोपर आत" ऐवजी "क्लबहेड त्या पानावरून जाऊ दे" असा एकच, शरीराबाहेरचा विचार. पटिंगमध्ये जोन व्हिकर्स यांनी नजरेची नोंद घेतली तेव्हा चांगल्या खेळाडूंची नजर स्ट्रोकआधी बॉलवर दोनेक सेकंद स्थिर राहते आणि बॉल गेल्यावरही क्षणभर त्या जागेवरच असते, असं आढळलं. कॅडीच्या "डोकं खाली"चा कामाचा अर्थ एवढाच: बॉल होता तिथलं गवत बघा. पूर्ण स्विंगमध्ये मात्र डोकं जबरदस्तीने खाली दाबून धरलं की वजन उजव्या पायावरच अडकतं, म्हणजे पुन्हा फॅट.

कोर्सवर लय बिघडली तर मोजा. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग आणि डाउनस्विंग यांचं प्रमाण वेळेत साधारण तीनास एक असतं. वर जाताना "एक-दोन-तीन", खाली "चार". दडपणात आखडतो तो बॅकस्विंग, दोनवरच परत फिरतो.

येरवडा_१९

सर्वांचे आभार. वही आणि टॉवेल बॅगेत ठेवले. शेवटचं विचारतो: रविवारी सातची टी-टाइम असते, सव्वासहाला पोहोचतो. त्या पंचेचाळीस मिनिटांत काय?

पाढे_उलटे

पहिली दहा मिनिटं पट, निम्मे लांबचे, वेग समजायला. पाच मिनिटं चिप. मग ३० बॉलच्या वर नको: वेजचे सहा, नऊ नंबरचे पाच, सात नंबरचे पाच, हायब्रिडचे चार, ड्रायव्हरचे पाच. स्विंग दुरुस्त करायची ही वेळ नाही. बॉल आज कुठल्या बाजूला झुकतोय एवढं बघा आणि तो झुकाव दिवसभर नेमात धरा. स्ट्रोक प्लेची स्पर्धा असेल तर त्या दिवशी राउंडआधी कोर्सवर मारायला बंदी आहे, सराव-ग्रीन आणि रेंज चालते, पहिल्या टीजवळ पट-चिपही चालतात. राउंड सुरू झाल्यावर वजनदार हेडकव्हर किंवा अलाइनमेंट स्टिक घेऊन सराव-स्विंग केला तर नियम ४.३ खाली दंड बसतो, तेव्हा ती काठी गाडीतच ठेवा.

शेवटचे पाच बॉल पहिल्या टीवर घेणार त्याच क्लबचे. प्रत्येकाआधी मॅटवरून उतरून मिनिटभर नुसतं उभं राहा, डोळ्यांसमोर तो होल आणा, पूर्ण क्रमाने या आणि मारा. तिसरा बॉल मनासारखा गेला तर उरलेले दोन बकेटमध्येच सोडून निघा.